हिशेबाचे सर्टिफिकेट आणि सर्टिफिकेटचा हिशेब



दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरच्या लिंबावर पाट्या चढू लागतात. 'तीन महिन्यांत अकाउंटंट व्हा.' 'नोकरीची शंभर टक्के हमी.' 'टॅली, जीएसटी, पगारपत्रक, सर्व एकाच फीमध्ये.' खिळे ठोकून ठोकून त्या बिचाऱ्या झाडाचे खोड चाळणीसारखे झाले आहे. पाट्या वाचीत मुले उभी राहतात आणि त्यांच्यापासून जरा दूर, काखेत पिशवी धरून, त्यांचे वडील उभे असतात. थोड्या वेळाने त्यांतला एखादा माझ्याकडे येतो आणि विचारतो, "सर, हा हिशेबाचा कोर्स केला तर पोराचं भागंल का?"

आजचे माझे बोलणे या एका प्रश्नाभोवतीच आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मागणी आणि पुरवठ्याच्या रेघा फळ्यावर काढता काढता बरीच वर्षे गेली. पण या साध्या प्रश्नाला मी कितीतरी दिवस जे उत्तर देत होतो, ते अर्थशास्त्राचे नव्हते. मी म्हणत असे, "शिक्षण कधी वाया जात नाही हो. घाला खुशाल." असे बोलायला सोपे आणि ऐकायला गोड. एका घराला हे गोड उत्तर फार महाग पडले आणि तेव्हापासून मी ते देणे सोडले. ती हकिगत आधी सांगतो.

जीएसटी देशात लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाची ही गोष्ट. आमच्याकडून बी.ए. झालेला एक मुलगा तालुक्यातल्या एका खत-बियाणांच्या दुकानात बिले लिहीत होता. पगार आठ हजार. घरी दोन एकर कोरडवाहू आणि दोन म्हशी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका क्लासची जाहिरात त्याने पाहिली. सहा महिन्यांचा कोर्स, फी चोवीस हजार, आणि पुढे नोकरी लावून देण्याचे आश्वासन. वडील मला विचारायला आले. मी माझे नेहमीचे उत्तर दिले. त्यांनी दोहोंपैकी दुधाची म्हैस बाजारात नेली. ती पंचावन्न हजारांना गेली. मुलाने दुकान सोडले, शहरात खोली घेतली आणि तो कोर्सला बसला.

मुलगा मेहनती होता. सहा महिन्यांनी चकचकीत फायलीत घातलेले सर्टिफिकेट घेऊन तो परतला. क्लासने त्याला तीन ठिकाणी पाठवले होते. दोन ठिकाणी काम निघाले ते दारोदार वस्तू विकण्याचे. तिसऱ्या ठिकाणी तीन महिने बिनपगारी शिकाऊ म्हणून राहा, मग बघू, असे सांगण्यात आले. शेवटी आमच्याच तालुक्यात एका धान्याच्या आडत्याकडे तो साडेनऊ हजारांवर लागला. आडत्याने सर्टिफिकेट पाहिलेसुद्धा नाही. बिलांचा एक गठ्ठा पुढे टाकला आणि म्हणाला, "हे संध्याकाळपर्यंत चढवून दाखव." मुलाने चढवून दाखवले.

काही दिवसांनी एस.टी. स्टँडवर त्याचे वडील भेटले. मला वाटले, आता हे रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, "शिकला, चांगलं झालं सर. म्हैस मात्र दुधाची होती."

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या, कारण पुढचा भाग नुसता कानाने ऐकून भागणार नाही.

या कोर्सला खर्च किती आला? कोणालाही विचारा, तो म्हणेल चोवीस हजार. फी ही डोळ्यांना दिसते, तिची पावती मिळते. खोली आणि खाणावळ मिळून महिना पाच हजार, म्हणजे सहा महिन्यांचे तीस हजार. हेही लोक मोजतात, जरा मागाहून का होईना. पण तिसरी रक्कम कोणीच मोजत नाही. मुलगा आठ हजारांची नोकरी सोडून गेला होता. सहा महिन्यांचे अठ्ठेचाळीस हजार घरात यायचे ते आले नाहीत. हे पैसे कोणाच्या खिशातून निघाले नाहीत, म्हणून ते खर्चात धरायचे नाहीत असे आपल्याला वाटते. वास्तविक तिन्ही रकमांत हीच मोठी. बेरीज करा. एक लाख दोन हजार. फी म्हणजे त्यातला चौथा हिस्सादेखील नाही.

थिओडोर शुल्ट्झ नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होऊन गेले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेले, जन्मभर शेतीच्याच प्रश्नांवर काम केलेले. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षण हे एक प्रकारचे भांडवल आहे, हे ज्यांनी ठासून मांडले त्यांत ते प्रमुख. त्यांचा १९६१ सालचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध आहे. शिकणाऱ्याचा बुडालेला रोजगार हा शिक्षणाच्या खर्चातला फार मोठा भाग आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे, हे शुल्ट्झ पुन्हा पुन्हा सांगत. मी हे वर्गात दरवर्षी शिकवत होतो, बरे का. आणि ते वडील समोर उभे राहिले, तेव्हा नेमके तेच विसरलो.

आता जमेची बाजू. पगार आठ हजारांचा साडेनऊ हजार झाला. म्हणजे महिना दीड हजार, वर्षाला अठरा हजार. एक लाख दोन हजारांना अठरा हजारांनी भागा. पाच वर्षे आठ महिने. म्हणजे सहाव्या वर्षापासून फायदा, असे वरवर दिसते. पण थांबा. पैसा आज गेला आणि परत येणार तो थोडाथोडा, पुढल्या वर्षांत. तुम्ही कोणाला लाख रुपये दिले आणि त्याने ते सहा वर्षांनी तेवढेच्या तेवढे आणून दिले, तर तुम्ही त्याला फिटले म्हणाल का? व्याज नको? शेकडा बारा धरा. पहिल्या वर्षाचे व्याजच होते बारा हजार दोनशे चाळीस. अठरा हजारांतून ते वजा जाता मुद्दलात भरतात अवघे पाच हजार सातशे साठ. असे वर्ष वर्ष मांडत गेलो, तर दहा वर्षे पुरी झाल्यावरही नऊशेच्या वर रुपये बाकी राहतात.

दहा वर्षे! बावीस वर्षांचा मुलगा बत्तीस वर्षांचा होईपर्यंत तो कोर्स फक्त स्वतःचे पैसे फेडणार.

कोणी म्हणेल, त्यांनी कर्ज कुठे काढले होते, म्हैस तर घरचीच होती. खरे आहे. पण मग व्याजाच्या जागी म्हशीचे दूध धरा. जनावर गोठ्यात असते तर त्याने चाऱ्यापाण्याचा खर्च वजा जाता काही ना काही दिले असते. भांडवल घरचे असले म्हणून फुकटचे होत नाही. मात्र दूधही धरायचे आणि त्याच रकमेवर व्याजही धरायचे असे करू नका. तो एकच पैसा दोनदा मोजल्यासारखे होईल. असा दुहेरी हिशेब मांडून मुलांना घाबरवणारे पालकही मी पाहिले आहेत.

आणखी एक खाच या हिशेबात आहे. दीड हजारांची वाढ मी सरसकट कोर्सच्या नावावर जमा केली. पण तो खत-बियाणांच्या दुकानातच राहता, तर मालकाने वर्षभरात पाचशे-सातशे वाढवलेच असते. मग कोर्सचा वाटा दीड हजार नव्हे, आठशे किंवा हजार. आधी काय मिळत होते आणि आता काय मिळते, अशी तुलना आपण करतो. करायला हवी ती अशी, की कोर्स न करता आज काय मिळत असते आणि कोर्स करून काय मिळते. हा फरक कळायला जरा वेळ लागतो. माझ्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांनाही लागतो.

मग काय, हिशेबाचे शिक्षण घेऊच नये? तसे मी म्हणत नाही. याच्या उलट घडलेलेही सांगतो.

आमच्या शेजारच्या गावातली एक सूनबाई, बारावी झालेली, एका पतसंस्थेत कारकुनी करते. पगार सहा हजार. संस्थेत संगणक आला आणि जुने कारकून बावरले. व्यवस्थापक म्हणाले, ज्याला हे जमेल त्याला हजार रुपये वाढवून देऊ. तिने तालुक्यातच संध्याकाळचा चार महिन्यांचा वर्ग धरला. फी सहा हजार. एस.टी.त मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले आहे, तेव्हा प्रवासाला महिना आठशे, चार महिन्यांचे बत्तीसशे. वह्यापुस्तके आठशे. एकूण दहा हजार. नोकरी सोडली नाही, त्यामुळे बुडाले काहीच नाही. वाढलेल्या हजार रुपयांनी दहा महिन्यांत सगळे फिटले. पुढचे सारे पदरात.

मुलगा हुशारीत तिच्यापेक्षा कमी होता असे नाही. कोर्समधला मजकूरही थोड्याफार फरकाने तोच. फरक इतकाच, की तिच्यापुढे काम आधी होते आणि कोर्स मागून आला. त्याने कोर्स आधी केला आणि काम शोधायला मागून निघाला.

आता त्या आडत्याकडे पुन्हा जाऊ. त्याने सर्टिफिकेट का पाहिले नाही? यावर मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली एक विचार मांडला. नोकरी देणाऱ्याला समोरचा माणूस कसा आहे हे ठाऊक नसते. म्हणून तो खुणा शोधतो. सर्टिफिकेट ही एक खूण. पण खूण उपयोगी पडते ती केव्हा? लायक माणसाला ती मिळवता येते आणि नालायकाला सहजी मिळवता येत नाही तेव्हा. फी भरलेल्या प्रत्येकाला जी मिळते, तिच्यावरून मालकाला फक्त एवढेच कळते, की याने फी भरली होती. मग तो बिलांचा गठ्ठा पुढे टाकतो. आडत्याने स्पेन्स वाचलेला नव्हता, पण त्याचे वागणे अगदी त्याबरहुकूम होते.

याउलट काही कागद असे असतात, की ज्यांच्यावाचून कायदा तुम्हाला ते काम करूच देत नाही. कला शिकवणारा कागद वेगळा आणि हक्क देणारा कागद वेगळा. हा भेद गावोगाव सांगण्याची फार गरज आहे, कारण पाट्या रंगवणारे तो मुद्दाम पुसून टाकतात. 'जीएसटी प्रॅक्टिशनर बना' अशी पाटी मी पाहिली आहे. तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटने तसे होता येत नाही. कायद्याखालचे नियम त्यासाठी वाणिज्य, कायदा अशा ठरावीक विषयांची पदवी मागतात, नोंदणी मागतात आणि सरकारी परीक्षाही मागतात. खासगी वर्गात तुम्ही विवरणपत्र भरायला शिकाल, दुकानदाराच्या हाताखाली ते भरालही. पण दुसऱ्याच्या वतीने सही करण्याचा हक्क त्या कागदाने येत नाही.

हक्क देणाऱ्या कागदाचे आपल्या महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. लोक तिला जी.डी.सी. अँड ए. म्हणतात. आपल्या राज्यात सहकारी संस्था दोन लाखांहून अधिक. दूध संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, शहरातल्या गृहनिर्माण संस्था, सगळ्या त्यात आल्या. या प्रत्येक संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासले गेले पाहिजेत, असे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम सांगतो. तेव्हा तपासणाऱ्यांची गरज कायमची. सहकार खाते ही परीक्षा वर्षातून एकदा घेते. पेपर सहा, प्रत्येकी शंभर गुणांचे. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास व तत्त्वे, सहकारी कायदा असे विषय. कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो आणि मराठीत लिहू शकतो. घरी बसून अभ्यास करता येतो, म्हणजे नोकरी सोडावी लागत नाही. ज्याची पदवी राहून गेली आहे, त्याला नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली ते निघाले ते अशाच लोकांसाठी.

पण इथेही हिशेब नीट करावा. परीक्षा उत्तीर्ण झाल्या दिवशी कोणी लेखापरीक्षक होत नाही. कायद्याच्या कलम ८१ मध्ये प्रमाणित लेखापरीक्षकाची जी व्याख्या आहे, तिच्यात पदवी आणि ही पदविका यांच्याबरोबर संस्थांच्या लेखापरीक्षणाचा निदान तीन वर्षांचा अनुभव मागितलेला आहे. म्हणजे तीन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली, थोडक्या मानधनावर काढावयाची. ती तीन वर्षे खर्चाच्या बाजूला मांडा. नंतर नाव शासनाच्या नामतालिकेवर येते आणि संस्थेची सर्वसाधारण सभा तिच्यातून लेखापरीक्षक नेमते. २०१३ साली झालेल्या दुरुस्तीने यालाही मर्यादा घातली. एका वर्षात वीसपेक्षा अधिक संस्थांचे काम घेता येत नाही. एक लाखाहून कमी भागभांडवलाच्या लहान संस्था तेवढ्या यातून वगळल्या आहेत. काम आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत पुरे करायचे. म्हणजे हा धंदा हंगामी. एप्रिल ते जुलै डोके वर काढायला फुरसत नाही, आणि आमच्याकडे पेरणीही त्याच दिवसांत येते! शेती सांभाळून हे करू म्हणणाऱ्याने ते लक्षात ठेवावे.

आणि एक गोष्ट, जी रुपयांत मांडता येत नाही. हिशेबात अफरातफर झाली आहे, अमुक माणूस दोषी आहे, असे लेखापरीक्षकाला आढळले, तर त्याने रजिस्ट्रारकडे तसा अहवाल द्यावयाचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने पोलिसांत फिर्यादही द्यावयाची, असे हाच कायदा सांगतो. आपल्या पंचक्रोशीत, ओळखीच्या माणसाविरुद्ध. चेअरमन नात्यातला निघाला म्हणजे? ज्याला हे झेपणार नाही त्याने हा कागद मिळवण्याआधीच विचार केलेला बरा. मला स्वतःला झेपले असते का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मग क्लासच्या दारात उभे राहिल्यावर करायचे काय? पाटीवर ज्यांचे फोटो असतात त्या तिघांना सोडा. गेल्या तुकडीतली कोणतीही दहा नावे मागा. त्या दहांपैकी किती जण आज हिशेबाचेच काम करतात, आणि कितीवर करतात, हे स्वतः फोन करून विचारा. दहांतले चारच लागले असतील, तर दीड हजारांच्या वाढीला तुमच्या हिशेबात सहाशेच धरायला हवेत, कारण तुमचा मुलगा त्या चारांत असेल की सहांत, हे आज कोणाला ठाऊक? नावे देण्याची टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच समजा. फी हप्त्याने घेतात का, मध्येच सोडावे लागले तर उरलेली परत मिळते का, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी नको.

याहून स्वस्त चौकशी मी सांगतो. तालुक्याच्या पेठेत जा. एखादा आडत्या, एखादा मोठा दुकानदार आणि एखादा कर-सल्लागार, अशा तिघांकडे चहाच्या वेळी बसा. विचारा, "असा कोर्स केलेला मुलगा आला, तर न केलेल्यापेक्षा त्याला किती जास्त द्याल?" लाखाचा प्रश्न अर्ध्या दिवसात सुटतो. माझ्या ओळखीच्या एका कर-सल्लागाराने या प्रश्नावर सांगितले, "मला बटणे दाबणारा नको. जमा कुठे आणि नावे कुठे हे ज्याला न अडखळता सांगता येते, तो पाठवा. बटणे मी आठ दिवसांत शिकवीन."

त्याचे म्हणणे लाखमोलाचे आहे. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या त्रेसष्ट हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाची योजना मंजूर केली. दोन हजार पाचशे सोळा कोटी रुपयांची. त्या सोसायट्यांसाठी नाबार्डने वेगळीच संगणक-प्रणाली तयार करवली. बाजारात जी प्रणाली शिकवतात ती तिथे नाही. तेव्हा एकाच प्रणालीची बटणे पाठ केलेला मुलगा सोसायटीत गेला तर बिचकणार. ज्याने कीर्द कशी लिहितात, खतावणी कशी करतात, तेरीज का जुळत नाही, हे वहीत हाताने केले आहे, तो पडदा बदलला तरी बिचकणार नाही. कोर्स निवडताना म्हणून पहिल्या महिन्यात काय शिकवतात ते विचारा. वहीवर जमा-नावे करून घेत असतील, तर तो वर्ग बरा.

आता शिक्षक मित्रांशी दोन शब्द. गावात अशा वेळी पहिला सल्ला विचारला जातो तो तुम्हाला. आणि आपण मास्तर मंडळी शिक्षणाच्या बाजूने जरा जास्तच झुकतो. आपल्या धंद्याचाच तो स्वभाव आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण होते. जीएसटी आणि शेअर यांची उदाहरणे त्यात होती. असे प्रकरण शिकवताना एक तास या हिशेबाला द्या. फी, राहणे, बुडालेला रोजगार, व्याज, पगारातली वाढ, काम लागण्याची शक्यता. आकडे मुलांनाच गावातून गोळा करून आणू द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला त्रैराशिक येते, शेकडेवारी येते. पुढे तीन वर्षांनी तो त्या लिंबाखाली उभा राहील तेव्हा पाटी वाचून तो आधी खिशातली पेन्सिल काढील.

फक्त पगाराच्याच तराजूत हिशेबाचे शिक्षण तोलू नये, हेही सांगून ठेवतो. आमच्या एका विद्यार्थिनीने नोकरी केली नाही. पण वडिलांच्या ऊसबिलातल्या कपाती ती ओळ ओळ तपासते. एकदा एकच कपात दोनदा झालेली तिने पकडली आणि कारखान्याच्या कचेरीतून ती दुरुस्त करून आणली. सोसायटीच्या कर्जाची तारीख चुकू देत नाही, त्यामुळे वेळेवर फेडणाऱ्याला मिळणारी व्याजातली सवलत त्या घराला दरवर्षी मिळते. हे पैसे कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाहीत. पण तेवढ्यासाठी चोवीस हजारांची फी नको. ते शहाण्या शिक्षकाकडून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकता येते.

त्या आडत्याकडच्या मुलाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. तो अजून तिथेच आहे. पगार वाढला आहे, आणि तो कामाने वाढला आहे. गेल्या दिवाळीत घरी आला. म्हणाला, "सर, जी.डी.सी. अँड ए.चा फॉर्म भरू का?" मी 'भर' म्हटले नाही आणि 'नको'ही म्हटले नाही. त्याला एक कोरा कागद दिला आणि म्हटले, "मांडून आण."

आठ दिवसांनी तो कागद घेऊन आला. परीक्षेची फी होती, पुस्तके होती. अनुभवाची तीन वर्षे होती आणि त्या तीन वर्षांतली घट त्याने वेगळी दाखवली होती. जमेच्या बाजूला वीस संस्थांची मर्यादा धरून, पण सुरुवातीला सातच मिळतील असे समजून, आकडा लिहिला होता. गावच्या दूध संस्थेचा चेअरमन त्याचा मामा. त्या संस्थेचे काम घ्यायचे नाही, असे समासात लिहिले होते. माझ्याकडून दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नव्हते. फक्त सगळ्यांत वर, फीच्याही आधी, एक रकम होती तिचा अर्थ मला लागेना. साठ हजार, आणि पुढे नुसते 'आबा' एवढेच.

मी विचारले, "हे काय?"

"म्हैस," तो म्हणाला. "आधी ती आणतो. फॉर्म पुढल्या वर्षी."

चैत्रात त्यांनी म्हैस आणली. मी पाहून आलो. दुधाची आहे.